कापराच्या वासाची वाट

मित्रांनो, मी एक जुना कापराचा खडा आहे. खडा म्हणवून घ्यायलाही आता लाज वाटते, कारण उरलोय तो जेमतेम वाटाण्याएवढा. तुमच्याकडे आरतीला चौकोनी वड्या पेटवतात तो कापूर मी नव्हे. मी झाडाच्या पोटातला. तुमच्यातले जाणते लोक मला भीमसेनी म्हणतात आणि जपून वापरतात. जपून वापरतात हे ऐकून बरं वाटतं.

माझी गोष्ट ऐकताना एक ध्यानात ठेवा. मी बोलतोय तोवरही कमी होतोय. घाबरू नका, कमी होणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे. माझ्याजवळ बसलेल्या माणसाला वास येतो, तो वास म्हणजे मीच. माझा एखादा कण उडून त्याच्या नाकात शिरलेला असतो. शिरलेला परत येत नाही. असा मी पुष्कळ माणसांमध्ये जाऊन बसलो आहे, आणि त्यांतली बरीच माणसं आता जिवंत नाहीत.

माझा जन्म सुमात्रा बेटावरचा. बारूस बंदराच्या वरच्या अंगाला जे डोंगरी रान आहे, तिथल्या एका उंच झाडात मी होतो. आधी मी तेलात होतो. तेलात कण एकमेकांना खेटून असतात, पण कुणी कुणाचा हात धरून ठेवत नाही. सगळे एकमेकांवरून घसरतात आणि जिकडे उतार तिकडे जातात. पुढे झाडाच्या गाभ्यात एक चीर पडली, त्या चिरेत आम्ही साठलो आणि वर्षानुवर्षं साठून हळूहळू एकमेकांना धरून रांगेत उभे राहिलो. असा मी घट्ट झालो, पांढरा झालो.

घट्ट झालो म्हणजे शांत झालो असं मात्र समजू नका हं. घट्ट वस्तूतले कणही जागच्या जागी थरथरत असतात. दगडातले, लाकडातले, तुमच्या हाडांतलेसुद्धा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय निपचित पडलंय! आत थरथर चालूच असते. आणि माझ्यासारख्यात, जो कण अगदी कडेला उभा असतो त्याला धरणारे हात थोडे. थरथरता थरथरता तो सुटतो. तेल न होताच सरळ हवेत जातो. हवेत तर काय, कुणाचं कुणाला बंधनच नाही. जो तो मोकाट सुटलेला, याला धडक त्याला धडक, मिळेल तेवढ्या जागेत पसरलेला.

मला झाडातून काढलं ते अमानी रोंगुरनं. अमानी रोंगुर म्हणजे रोंगुरचा बाप; त्या गावात पहिलं मूल झालं की आईबापांची नावं मागे पडतात. कापूर शोधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या रानात गेलेली माणसं वेगळीच बोली बोलतात. कापराला कापूर म्हणायचं नाही, 'वासाची वस्तू' म्हणायचं. आणि सगळ्यात मोठी बंदी म्हणजे माणसाला नावानं हाक मारायची नाही. नाव ऐकलं की रान ते शिकतं. मग धुक्यातून तेच नाव हाकारतं आणि माणूस त्या हाकेमागे चालत जातो. रानातून परतलेला माणूससुद्धा गावच्या ओढ्यात अंघोळ करीपर्यंत बिननावाचाच. घरी त्याच्या बायकोनं तोवर केस विंचरायचे नाहीत. फणीच्या दातांत फटी असतात, तशा झाडातल्या कापरात फटी पडतील, असं तिथले लोक मानतात.

चांगला दोन मुठींएवढा होतो मी तेव्हा. अमानी रोंगुरनं मला विकलं नाही. "हा माझ्यासाठी," तो बायकोला म्हणाला. "मी गेलो की लागेल."

"जीभ झडेल तुमची," ती म्हणाली.

त्यानं बांबूचं हातभर लांब नळकांडं केलं, मला आत घातलं, सोबत मिऱ्यांचे दाणे टाकले, तोंडाला घट्ट बूच मारलं आणि घराखालच्या गार मातीत पुरून ठेवलं. मिऱ्यांमुळे कापूर उडत नाही असा त्याचा विश्वास होता. खरं सांगू का, मिऱ्यांनी मी काही अडत नाही. राखण केली ती गारव्यानं आणि बुचानं. गार जागी थरथर मंद असते, सुटणारे कण थोडे. आणि बंद नळकांड्यात सुटून सुटून जाणार कुठं? जितके उडत, तितकेच परत येऊन बसत. तशी माझी वीस वर्षं गेली. वर्षातून एकदा म्हातारा मला बाहेर काढी, हुंगे, "आहेस का रे बाबा?" असं विचारी आणि पुन्हा पुरून ठेवी. माझी अशी विचारपूस पुढे कुणीच केली नाही.

एका सकाळी तो उठलाच नाही. मुलगा रोंगुर दोनच दिवसांपूर्वी तीन सोबत्यांबरोबर कापराच्या रानात गेलेला. रानातल्या माणसाला निरोप धाडता येत नाही.

त्या गावची रीत अशी की घरातला मोठा माणूस गेला की त्याच दिवशी त्याच्या नावानं भात पेरायचं. ते पिकेपर्यंत माणसाला घरातच ठेवायचं. पाच पुनवा. भात पिकलं की त्याची ओंजळ त्याच्या हातात द्यायची आणि मग मातीत न्यायचं. उपाशी गेलेला माणूस घराभोवती हिंडतो म्हणतात. तोवर पेटीतून वास सुटला, तर मात्र भाताची वाट पाहायची नाही, दुसऱ्या दिवशी पुरायचं. म्हणून कापूर लागतो.

मला फोडलं. अर्धा कुटून, लाकूड कोरून केलेल्या पेटीत म्हाताऱ्याभोवती घातला, झाकणाच्या कडा राळेनं बुजवल्या. डोक्याकडे बोटभर भोक ठेवलं, त्याला खुंटी. दर पुनवेला त्यातून थोडी पूड आत टाकायची. उरलेला मी परत नळकांड्यात.

मित्रांनो, तेव्हापासून मी दोन ठिकाणी होतो. पेटीतल्या अंधारात मीच होतो आणि बांबूतही मीच. पेटीत म्हातारा श्वास घेत नव्हता, तरी मी त्याच्या नाकात गेलो. दाढीत बसलो. भुवयांवर बसलो. बाहेर त्याची बायको, नाई रोंगुर म्हणजे रोंगुरची आई, पेटीसमोर रोज भात आणि सुकी मासळी ठेवी आणि म्हणे, "जेवा." नंतर तो भात गार होताना मला ऐकू येई, म्हणजे त्याची वाफ विझताना.

चूक झाली ती इथं. नाई रोंगुरनं मला पुन्हा मातीत पुरलं नाही. त्या घरात जे जपायचं ते चुलीवर. बियाण्याची कणसं, मासळी, ढोलाचं कातडं, सगळं चुलीवर टांगलेल्या कामट्यांच्या माळ्यावर. धुरानं कीड लागत नाही, बुरशी धरत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण ते, काही खोटं नाही. मासळीला बरोबर, मला घातक. तिनं नळकांडं तिरपं टांगलं. बुचाचं तोंड खाली चुलीकडे, हाताशी येईल असं. वरचं बंद टोक छपराखालच्या फटीतून बाहेर, डोंगरी गार वाऱ्यात.

मी खाली बुचावर टेकलेला. खाली आच. माझी थरथर वाढली. कडेचे कण भराभर सुटू लागले, वर उडू लागले. मला ओरडायचं होतं. मला तोंड कुठं?

पहिल्या पुनवेला नाई रोंगुरनं बूच काढलं, तेव्हा तिच्या कपाळाला नुसती आठी पडली. दुसऱ्या पुनवेला तिनं मला दोनदा उलटंपालटं करून पाहिलं. तिसऱ्या पुनवेला तिच्या तळहातावर मी पडलो तो सुपारीएवढा.

"तिओर!" तिनं सुनेला हाक मारली. "इकडे ये."

तिओर म्हणजे रोंगुरची बायको. लग्नाला दोन वर्षं झालेली. तीन महिने केसांना फणी नाही. जटा झाल्या होत्या बिचारीच्या.

"घरातला कापूर कमी होतोय म्हणजे रान माझ्या लेकाला खातंय," नाई रोंगुर म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच भीती वाटत होती. "केस विंचरलेस तू."

"नाही हो इनांग." इनांग म्हणजे आई. "फणी दाराला बांधलीय, दोरा तुमच्याच हातचा. बघा की, सुटलाय का?"

"नखं आहेत ना तुला? नखांनी विंचरलेस."

"नखांनी कशाला विंचरू? उवा परवडल्या, पण तुमचं बोलणं नको!"

सासूनं तिच्या थोबाडीत मारली.

संध्याकाळी ओंपू सांगाप आला. ओंपू म्हणजे आजोबा; गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, रीतभात त्याच्या तोंडून ठरे. त्यानं पान चघळत मला पाहिलं, पेटी पाहिली, तिओरच्या जटा पाहिल्या. "एवढ्यानं आणखी दोन पुनवा निभणार नाहीत," तो म्हणाला. "परवा पुरायचं. भाताविना जाईल, काय करणार? मुलीला तिच्या बापाकडे पाठवा. आणि ते नळकांडं दरीत फेका. ज्या घरी वस्तू आपोआप सरते, तिथं ती मोजणारा कुणी दुसराच असतो."

हे ऐकून घरातल्या सगळ्यांनी पेटीकडे पाहिलं.

सकाळी तिओरलाच नळकांडं काढायला सांगितलं. घर सोडायचं होतं, नवरा पुन्हा दिसायचा नव्हता, वर त्याच्या मरणाचा डाग तिच्या कपाळी. रडत रडत ती चुलीपाशी चढली. खालचं टोक धरलं तर ऊन. वरचं टोक फटीतून ओढलं तर गारठलेलं. आणि जड. रिकामं नळकांडं एकाच टोकाला जड कसं?

तिनं हुंगलं. नाक झिणझिणलं तिचं.

"इनांग," ती म्हणाली, "जो कापूर सरला, त्याचा वास एवढा कसा?"

"फेक ते!"

तिओरनं कोयता घेतला आणि बांबू उभा चिरला. वरच्या बंद पेरात मी होतो. पांढऱ्या लांब सुयाच सुया, एकमेकींना चिकटलेल्या, पेर भरून दाटलेल्या. खालून उडालेले कण गार टोकाला पोचले, तिथं त्यांची धाव मंदावली आणि तिथंच ते एकमेकांना धरून पुन्हा उभे राहिले. मूठभर तरी होतो मी.

नाई रोंगुर भिंतीला टेकली. "हे त्यांनी केलं," ती पेटीकडे बोट दाखवत पुटपुटली. "त्यांनीच उचलून वर ठेवलं."

"मामंजींनी नाही," तिओर म्हणाली. "भाताच्या झाकणाला आतून पाणी धरतं, ते कोण नेऊन ठेवतं? खाली ऊन, वर गार. तसंच झालंय हे. हात लावून बघा."

सासूनं हात लावून पाहिला, या टोकाला, मग त्या टोकाला. मग तिनं सुनेच्या गालाला हात लावला, जिथं मारलं होतं तिथं. "माझ्या हाताला झडायला काय झालं होतं," ती म्हणाली आणि रडू लागली.

मला नव्या नळकांड्यात घातलं, गार मातीत पुरलं. म्हाताऱ्याला भाताविना पुरणं टळलं. पण पेटीसमोर भात ठेवताना नाई रोंगुर त्या दिवसापासून दोन पानं वाढू लागली. एक नवऱ्याचं. दुसरं कुणाचं ते तिनं सांगितलं नाही आणि तिओरनं विचारलं नाही.

चौथ्या पुनवेनंतर रोंगुरच्या सोबत्यांपैकी मारादेन परतला, मागून बाकीचे दोघे. रोंगुर नव्हता. मारादेन ओढ्यात अंघोळ करून आला आणि पायरीवरच बसला.

"दुसऱ्या नदीपलीकडे धुकं उतरलं, वहिनी," तो तिओरला म्हणाला. "मागे होता, मग नव्हता. आठ दिवस हुडकला. हाक मारावी तर... नाव घेता येत नाही ना! मी नुसता झाडावर काठी आपटत होतो. तिसऱ्या दिवशी दुसरीकडून कुणीतरी तशीच आपटायला लागलं. तिकडे गेलो तर कुणी नाही. मग आम्ही पळालो. खोटं कशाला बोलू, पळालो."

पाचवी पुनव झाली. भात पिकलं. सहा दिवस डोंगर धुक्यात बुडालेला होता, दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. ढोल आणले, म्हैस कापली, पेटी अंगणात उतरवली. राळ फोडून झाकण काढलं, हातात भाताची ओंजळ द्यायला.

सगळे मागे सरले. म्हातारा होता तसाच होता, फक्त सुकलेला. भुवया आणि दाढी पांढरीशुभ्र. मरताना त्याची दाढी काळी होती. मीच तो, मित्रांनो, मीच त्याच्या केसाकेसावर बसलो होतो. पण लोकांना ते कुणी सांगावं?

"आटपा," ओंपू सांगाप म्हणाला. "दिवस डोक्यावर यायच्या आत झाकण लागलं पाहिजे."

"थांबा," तिओर म्हणाली. सगळ्यांसमोर सुनेनं बोलणं तिथं शोभत नाही, तरी बोलली. "दिवस चढला की दरीतला वारा डोंगराकडे चढतो. झाकण उघडंच राहू दे. जे रानात आहेत त्यांना हाक मारता येत नाही, पण वासाला कुठं बंदी आहे? त्यांचं नाक कापराचं नाक आहे. कुठंतरी जवळ असतील तर..."

"आणि नसेल तर?"

"नसतील तर तुमचं झाकण कुठं पळून जातंय, ओंपू?"

मारादेन खाली मान घालून हसला. ओंपू सांगापनं पिंक टाकली. "पेटीतला वास कितीसा पुरणार? त्या टेकाडापलीकडेसुद्धा जायचा नाही."

ते खरं होतं. तिओरनं सासूकडे पाहिलं. सासूच्या ओच्यात नळकांडं होतं, त्यात उरलेला सगळा मी. मातीत जाताना म्हाताऱ्याच्या छातीवर ठेवायचा म्हणून राखलेला. तो नसला तर माती त्याला आठवड्यात खाऊन टाकणार, हे तिथं शेंबडं पोरही जाणतं. वीस वर्षं त्यानं मला त्याच दिवसासाठी जपलं होतं.

नाई रोंगुर बराच वेळ नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिनं बूच काढलं.

"यांना आता वासाचं काय करायचंय?" ती म्हणाली. "घे. सगळा घे."

तिओरनं खापराचा तवा विस्तवावर धरून तापवला, उतरवून ठेवला आणि मला त्यावर ओतलं. "पेटवू नका कुणी," ती म्हणाली. "पेटला तर नुसती ज्योत होईल. तापू दे फक्त."

मित्रांनो, आजवर माझे कण एकेक करून सुटले होते. त्या दिवशी आम्ही झुंडीनं सुटलो. हात सुटले, रांगा मोडल्या. वारा आला आणि आम्ही धुक्यात शिरलो. धुकं म्हणजे पाण्याचे थेंब, थेंबाथेंबामधून आम्ही पसरत गेलो, एकमेकांपासून लांब लांब, इतके लांब की मला मीच आठवेना. मी टेकाडावर होतो, ओढ्यावर होतो, त्याच वेळी कड्याच्या कपारीत होतो. त्या कपारीपाशी एक माणूस बसला होता. दाढी वाढलेली, पाय सुजलेला. गावापासून अर्ध्या कोसावर येऊन तीन दिवस गोल गोल फिरत राहिलेला. माझा एक कण त्याच्या नाकात शिरला. मग दुसरा. त्यानं मान वर केली.

जिकडे आमची दाटी जास्त तिकडे वास जास्त. तो काठी टेकत दाटीकडे चालू लागला.

अंगणात दिवस डोक्यावर आला होता. ओंपू सांगाप झाकणाला हात घालणार, तेवढ्यात धुक्यातून पायवाटेवर कुणीतरी उभं राहिलं. नाई रोंगुरचं तोंड उघडलं. तिओरनं झडप घालून ते दाबून धरलं. नाव नाही, अजून नाही! तो माणूसही बोलला नाही. लंगडत ओढ्यात उतरला, डोकं बुडवलं, वर आला.

तेव्हा तिओरनं हात काढला आणि त्या माउलीनं पाच महिने दाबून ठेवलेली हाक मारली. "रोंगुर!" डोंगरानं ती परत केली, आणि लोक शहारले, पण तो आईकडेच आला.

बापाच्या हातात भात त्यानंच दिला. नंतर म्हणाला, "वास धरून आलो. पुढे कुणीतरी चालतंय असं वाटत होतं. मी दमून थांबलो की तेही थांबे. पाठ आमांसारखी." आमा म्हणजे बाप.

"कापूर होता तो," तिओर म्हणाली. "तव्यावरचा."

कापूर होता हे खरं. मी होतोच. पण तव्यावरून गेलेला मी आणि उघड्या पेटीतून, म्हाताऱ्याच्या दाढीतून उठलेला मी, धुक्यात एकच झालो होतो. पाच महिने त्याच्या अंगाला लागून राहिलेले कण पुढे चालत होते की नुसते तव्यावरचे, ते मलाही सांगता येत नाही. आणि कुणासाठी थांबणं हा कापराचा स्वभाव नाही.

म्हाताऱ्याला कापराविना पुरलं. तव्याच्या गार कडेला मी थोडा परत जमलो होतो, तेवढा तिओरनं नखांनी खरवडून घेतला. तोच हा वाटाणा. ती आता म्हातारी झालीय, डोळ्यांनी अधू. मला गार जागी ठेवते, बूच घट्ट लावते.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी जपून ठेवलेलं काही असेल. ते जपायचं कसं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो असेपर्यंत विचारून घ्या. चुलीवर सगळंच टिकत नाही. झाकण घट्ट लावत जा. आणि एखाद्या दिवशी ते उघडावंच लागलं, तर नाई रोंगुरसारखं उघडा. मग हात आखडू नका.